खाड्याचा रोज

कामगार ज्या दिवशी आला नाही, त्या दिवसाच्या चौकोनात मस्टरवर फुली पडते. तिला आपल्याकडे खाडा म्हणतात. कुपवाडची फाउंड्री असो, विट्याचे यंत्रमाग असोत, साताऱ्यातला पेढ्याचा कारखाना असो की महामार्गावरचे हॉटेल, शब्द एकच. जत्रेला गेला तरी खाडा, सोयरिकीला गेला तरी खाडा आणि तापाने फणफणून अंथरुणावर पडला तरी खाडाच. महिनाअखेरीला हिशेबनीस खाडे मोजतो, तितके रोज वजा करतो आणि उरलेली रक्कम पाकिटात घालतो. कामगार कायदा शिकवताना आणि सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतल्या लहान मालकांबरोबर त्यांची मस्टरे चाळताना माझी नजर पुन्हा पुन्हा या फुलीवर अडकली आहे. किमान वेतनाचा कायदा भरलेल्या चौकोनांचे मोल ठरवतो. आजारपणाच्या भत्त्याचा कायदा फुलीच्या चौकोनाकडे पाहतो. पोट मात्र महिन्याचे तीसही दिवस असते, म्हणून हे दोन विषय एकत्र वाचायला हवेत, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

कामगार कायदा म्हटले की दहा-वीस माणसांना काम देणाऱ्या मालकाच्या डोळ्यांपुढे तपासणीला आलेला अधिकारी उभा राहतो. मग तो सगळे काम सल्लागाराकडे सोपवतो, महिन्याच्या महिन्याला सह्या करतो आणि कशावर सह्या केल्या हे विचारत नाही. त्याला माझे आग्रहाचे सांगणे आहे की आत यावे, बसावे. ज्याला उचल देऊन ती हप्त्याहप्त्याने वळती करून घेण्याचा हिशेब येतो, त्याला यातले काहीच परके नाही. विद्यार्थ्यांनीही यावे. हा विषय कलमांच्या यादीत संपत नाही. त्यात अर्थशास्त्र आहे, आरोग्य आहे आणि आपल्याच मातीतला बराच इतिहास आहे.

तो इतिहास थोडा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. त्या काळात त्यांचे वडील रामजी हे खटाव तालुक्यातल्या दुष्काळी कामावर रोखपाल होते. सरकारने उपाशी लोकांना काम मिळावे म्हणून तलाव खोदायला काढला होता आणि त्या कामाचा पैसा रामजींच्या हातून जात असे. मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून मसूर स्टेशनापर्यंत गेली आणि पुढे गाडीवानाने त्यांना कसे वागवले, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अस्पृश्यतेचा अनुभव म्हणून तो प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. मी तो वाचतो तेव्हा मला त्यामागचे खोदकामही दिसते: उन्हात माती उचलणारी माणसे, आणि संध्याकाळी रोजाची मोजदाद करणारा एक बाप.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. आदारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला. ११ एप्रिल १९४६ रोजी बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर दोन्ही कायदे १९४८ मध्येच झाले: किमान वेतन अधिनियम १५ मार्चचा, कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९ एप्रिलचा. बरोबर पाच आठवड्यांचे अंतर. ही जुळी भावंडे आपण पुढे वेगवेगळ्या फायलींत घातली आणि त्यांचे नाते विसरलो.

या परिसराने आणखीही काही दिले आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि तिचा पहिला प्रयोग साठच्या दशकात त्याच भागात झाला. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना संघटित केले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्याचे महत्त्व मालकांनी समजून घ्यावे असे मला फार वाटते. सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाल सकाळी एका अडत्याचे पोते उचलतो, दुपारी दुसऱ्याचे. मग त्याच्या आजारपणाची जबाबदारी कोणाची? माथाडी कायद्याने उत्तर दिले की सगळ्यांची. प्रत्येक मालकाने मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची आणि रजा, बोनस, औषधपाणी यांची सोय त्या गोळा झालेल्या पैशातून व्हायची. जगभर आज अॅपवरून काम घेणाऱ्या मजुरांसाठी हाच प्रश्न विचारला जातो आहे आणि आपल्याकडे त्याचे एक उत्तर अर्धशतकाहून अधिक काळ चालते आहे.

किमान वेतन म्हणजे सरकारच्या मनाला येईल तो आकडा, असा समज मी अनेकदा ऐकतो. त्या आकड्यामागे एक घर आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने ते घर मांडले: कमावता एक, खाणारी तोंडे तीन प्रौढांइतकी, माणशी २७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि एकूण वेतनाच्या २० टक्के इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी. रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, माफक करमणूक, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. म्हणजे आजारपणाचा औषधखर्च किमान वेतनाच्या व्याख्येतच बसवलेला आहे. आणि परवडत नाही हे कारण चालत नाही, हेही जुनेच आहे. १९५८ च्या क्राउन अॅल्युमिनियम खटल्यात न्यायालयाने म्हटले की किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा अधिकार नाही. वाक्य कठोर आहे. पण शेजारचा कारखानदार पूर्ण रोज देऊन धंदा करत असताना दुसऱ्याने रोज कापून दर पाडावा, हे प्रामाणिक मालकाच्याही मुळावर येते, आणि मी हे वाक्य मालकांना वाचून दाखवतो ते त्यासाठीच.

आता बदलांकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या. १९४८ चा किमान वेतन कायदा वेतन संहितेत विरला, विम्याचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत. जुने नियम आणि अधिसूचना नव्यांशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात, त्यामुळे महाराष्ट्रातले दर एका रात्रीत बदलले असे झाले नाही. बदल खोलवरचे आहेत. पूर्वी किमान वेतन अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांपुरते होते. महाराष्ट्रात अशा ६७ नोंदी होत्या. संहितेने ते सर्व कामगारांना लागू केले. मिरजेत तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात चालवणारा कारागीर कोणत्या नोंदीत बसतो, हे शोधत बसण्याची गरज उरली नाही. केंद्राने तळाचे वेतन ठरवायचे, राज्याचा दर त्याखाली जाता कामा नये, आणि दरांचा फेरविचार साधारणपणे पाच वर्षांच्या आत व्हायचा.

सगळ्यात दूरगामी बदल वेतन या शब्दाच्या व्याख्येत आहे. मूळ पगार, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता मिळून वेतन. घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते बाहेर. पण बाहेर ठेवलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनातच धरायचा. मूळ पगार छोटा आणि भत्त्यांची रास मोठी अशी पगारपत्रके आपल्याकडे सर्रास आहेत. त्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा बोजा यामुळे वाढतो. विम्याच्या बाबतीत मात्र उलटेही घडू शकते: पूर्वी घरभाडे भत्ता आणि जादा कामाचा मोबदला यांवरही वर्गणी कापली जाई, आता निम्म्याच्या मर्यादेत ते वगळले जाऊ शकतात. वर्गणी घटली म्हणून मालकाने खूश होऊ नये, कारण आजारपणाचा भत्ता त्याच वेतनावर मोजला जातो.

महाराष्ट्रातल्या किमान वेतनाला दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेला असून १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो. आदेश हाती पडेपर्यंत कधी महिना-दीड महिना जातो, तेव्हा फरक मागच्या तारखेपासून द्यावा लागतो. त्याची तरतूद आधी केली नसेल तर ऐन पावसाळ्यात, माल पडून असताना, थकबाकी अंगावर येते. दर परिमंडळाप्रमाणेही बदलतात. सांगली-मिरज-कुपवाड १९९८ पासून महानगरपालिका आहे, साताऱ्यात नगरपालिका आहे; एकाच व्यापाऱ्याचे सांगलीत दुकान, साताऱ्यात शाखा आणि खेड्यात गोदाम असेल तर तिन्ही ठिकाणी वेगळे दर लागू शकतात. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल हे वर्ग. वीस वर्षे साचा भरणाऱ्या मोल्डरला अकुशल म्हणून लिहिलेले मी पाहिले आहे. लिहिणाऱ्याच्या मनात लबाडी असते असे नाही; तो कामावर लागला त्या दिवशीचा शेरा कोणी बदललेलाच नसतो. मात्र दाव्याची मुदत आता तीन वर्षांची आहे आणि कमी वेतन दिल्याबद्दल ५० हजारांपर्यंत दंड आहे. नोंदवह्यांतल्या चुका दुरुस्त करायला खटल्याआधी संधी मिळते. कमी दिलेल्या वेतनाच्या बाबतीत तशी संधी नाही.

फुलीच्या चौकोनाकडे वळतो. विमा योजनेत, म्हणजे सगळे ज्याला ईएसआय म्हणतात त्यात, दहा किंवा अधिक माणसे असलेली आस्थापना येते आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार. मालकाची वर्गणी ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५. रोज ६०० रुपये आणि महिन्याला २६ हजेऱ्या धरल्या तर १५,६०० वर मालकाचे ५०७ आणि कामगाराचे ११७ रुपये. त्याच्या बदल्यात कुटुंबाला औषधोपचार, आणि प्रमाणित आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता, म्हणजे दिवसाला ४२०. क्षयासारख्या दीर्घ आजारात भत्ता वाढतो आणि मुदतही. आता कोणी ६०० च्या जागी कागदावर ४०० दाखवले, तर वर्गणीत महिन्याला शे-दोनशे रुपये वाचतात आणि आजारी माणसाच्या हातात दिवसाला ४२० ऐवजी २८० पडतात. ही वजाबाकी तो खाटेवर असताना होते.

योजना चांगली आहे, मनापासून चांगली आहे. तिच्यात फटीही आहेत आणि मालकाची खरी तयारी त्या फटींपाशी सुरू होते.

पहिली फट दोन दिवसांची. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही, आधीचे आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा अंथरूण धरले तर गोष्ट वेगळी. आता आपल्या कारखान्यांतली आजारपणे आठवून पाहा. भट्टीपुढून थंड वाऱ्यात आल्यावर भरलेला ताप, पोट बिघडणे, कंबर धरणे, डोळे येणे. बहुतेक दोन दिवसांत माणूस उभा राहतो, किंवा राहावेच लागते म्हणून राहतो. म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारे आजारपण नेमके विम्याच्या हाताबाहेर राहते. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा आहे, तिथे ही फट भरून निघते. कारखान्यातल्या कामगाराला मात्र भरपगारी रजा वीस दिवसांच्या कामामागे एक या हिशेबानेच मिळते. नव्या श्रम संहितांनी त्यासाठी लागणारे दिवस २४० वरून १८० वर आणले, हा मोठा दिलासा आहे. पण तेवढे दिवस भरेपर्यंतच्या तापाचे काय, हा प्रश्न उरतो.

दुसरी फट नवख्याची. विम्याचे सहामाही हिशेब एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च असे चालतात. त्यात ७८ दिवसांची वर्गणी भरली की पुढच्या जानेवारी-जून किंवा जुलै-डिसेंबर या काळात भत्त्याचा हक्क मिळतो. नव्याने लागलेल्याला औषधोपचार लगेच मिळतो, रोख भत्ता नऊ महिन्यांनी. दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागलेल्या पोराला भत्ता ऑगस्टपासून. ठेकेदार दर काही महिन्यांनी ब्रेक देतात आणि पुन्हा घेताना नवा विमा क्रमांक काढतात, तेव्हा ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होण्याची भीती असते. मुलाखतीच्या वेळी जुना विमा क्रमांक विचारायला एक पैसा लागत नाही. मी तर म्हणेन की आधार कार्डाच्या आधी तो विचारावा.

तिसरी फट वरच्या टोकाची. वेतन २१,००० च्या पुढे गेले की चालू सहामाही संपल्यावर कामगार योजनेबाहेर जातो. पगार वाढला आणि विमा गेला. किमान वेतनाचे दर चढत असताना कुशल कामगारांच्या बाबतीत हे आता वारंवार होईल आणि त्यांच्यासाठी आजारपणाची स्वतःची व्यवस्था मालकाला उभी करावी लागेल. चौथी फट खालच्या टोकाची, दहापेक्षा कमी माणसांची. तिथे सामाजिक सुरक्षा संहितेने स्वेच्छेचा दरवाजा ठेवला आहे: मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर सहा माणसांचे वर्कशॉपही योजनेत येऊ शकते. साताऱ्या-सांगलीतल्या छोट्या मालकांनी हा दरवाजा ठोठवावा, अशी माझी तळमळ आहे.

मिरजेची ओळख दवाखान्यांचे गाव अशी आहे, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या कामापासूनची. तिथल्या एका रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या मावशींनी मला एकदा सांगितले होते की दुसऱ्यांचे सलाइन सांभाळताना स्वतःला ताप आला तर त्या गोळी घेऊन उभ्याच राहतात, कारण दोन खाडे म्हणजे गॅसची टाकी. त्या बाईंना ताप होता आणि त्या रुग्णांत वावरत होत्या. आजारपणाचे वेतन ही सार्वजनिक आरोग्याची बाब कशी आहे, हे मला कुठल्याही ग्रंथाने इतके स्वच्छ सांगितले नाही.

आणि उसाच्या फडात तर खाडा वजाबाकीवर थांबत नाही. बीडकडून आमच्या कारखान्यांवर येणारे जोडपे मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एकजण आजारी पडला तर मुकादम रोज तर कापतोच, वर खाड्याचा दंड लावतो. न केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि न केल्याबद्दल द्यावे लागतात. मासिक पाळीतले खाडे टाळण्यासाठी ऊसतोड बायांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. कारखाना, वाहतूक ठेकेदार, मुकादम या साखळीत मालक कोण, या प्रश्नाला या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिले आहे. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हे तत्त्व कायद्यात आहे. फडापर्यंत ते अजून पोहोचलेले नाही.

बाहेरच्या जगाबद्दल थोडेच. जर्मनीने आजारपणाचा विमा १८८३ मध्ये सुरू केला, न्यूझीलंडने किमान वेतनाचा रस्ता १८९४ मध्ये दाखवला. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या वेतनासाठी पहिले तीन दिवस थांबावे लागे. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ते पहिल्या दिवसापासून देण्याचे ठरवले, एप्रिल २०२६ पासून. तिथल्या मालकांच्या संघटना पगारपत्रकाच्या बदलांची तयारी महिनोन्महिने करत होत्या. आपले दोन दिवस केव्हा जातील ते जावोत. मालकाला ते आजच भरून काढता येतात.

खर्च किती? वीस कामगार, रोज ६००, आणि विम्यात न बसणारे आजारपणाचे दिवस माणशी वर्षाला चार धरू. ऐंशी दिवसांचे ४८,००० रुपये झाले. वर्षाचा पगार ३७ लाख ४४ हजार. प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास. आपल्या मस्टरवरून स्वतःचा आकडा काढावा, तो कमीजास्त निघेल. पण बहुतेकांना तो काढता येणार नाही, कारण मस्टरवर ताप आणि जत्रा यांची फुली सारखीच आहे. त्यामुळे तयारीची सुरुवात वकिलाकडे जाऊन करू नये, मस्टरपासून करावी. पुढची प्रकरणे दर, वर्गवारी, पगारपत्रक, सात तारखेच्या आत पगार, काम सोडणाऱ्याचा दोन दिवसांत हिशेब, दुप्पट दराने जादा काम या सगळ्यांतून नेतील. वाचकाने ती हव्या त्या क्रमाने वाचावीत.

शेवटी एक कोरे मस्टर जोडले आहे. नेहमीच्या रकान्यांपुढे तीन रकाने जास्त आहेत: कौशल्याचा वर्ग आणि तो शेवटचा तपासल्याची तारीख, जुना विमा क्रमांक, आणि दर सहामाहीत भरलेले वर्गणीचे दिवस. रोजच्या चौकोनात हजेरीसाठी ‘ह’, रजेसाठी ‘र’, गैरहजेरीसाठी फुली, आणि आजारी माणसासाठी ‘आ’. येत्या महिन्याच्या एक तारखेपासून ते भरता येईल.